ऑक्सिजन वाढवला, तशी डोकेदुखी वाढली

निपाणीकडच्या या मावशी 61 वर्षांच्या. बिडी कधी ओढली नाही, पण निम्मं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं आणि उरलेलं चुलीपुढे. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, निदान जुनंच. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र होतं, रात्री मिनिटाला 2 लिटरवर लावायला सांगितलेलं. झोपेत बोटावरच्या मीटरवर ऑक्सिजनचा आकडा 80 टक्क्यांच्या खाली जातोय, म्हणून मुलानं प्रवाह 4 लिटर केला. तेव्हापासून "उठल्या उठल्या डोस्कं फुटतंय," आणि दिवसा जेवताजेवता डुलकी. बेळगावला आमच्याकडे आल्या त्या याच तक्रारीसाठी.

फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णाचं सकाळचं डोकं दुखणं मी सोडून देत नाही. रात्री कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि डोकं ठणकतं. धमनीतलं रक्त तपासलं: पीएच 7.33 म्हणजे रक्त जरा आम्लाकडे झुकलेलं, कार्बन डायऑक्साइड 62 म्हणजे बराच चढलेला, आणि ते आम्ल सावरणारं बायकार्बोनेटही चढून 32. बायकार्बोनेट इतकं चढायला मूत्रपिंडांना काही दिवस तरी लागतात, म्हणजे हे साचणं कालपरवाचं नव्हे. मुलाला घोरण्याबद्दल विचारलं. "लई घोरती. मधीच गप होती, मग दचकून श्वास घेती." गळ्याचा घेर 41 सेंमी, म्हणजे झोपेत घसा मिटत असल्याचा संशय आणखी पक्का. पिशवीत दुकानातून आणलेली झोपेची गोळीही सापडली. ती त्याच दिवशी बंद केली, कारण ती घशाचे स्नायू सैल करते आणि श्वासाची ओढही कमी करते.

रात्री स्लीप लॅबमध्ये घेतलं. नुसत्या सीओपीडीत ऑक्सिजनची रेघ सावकाश खाली जाते आणि बराच वेळ तिथेच राहते. स्वप्नांच्या झोपेत तर जास्तच, कारण तेव्हा बाकी स्नायू ढिले पडून सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. मावशींची रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती, खाली-वर, खाली-वर. तासाला 38 वेळा श्वास थांबत किंवा अर्धवट होत होता. म्हणजे सीओपीडी आणि झोपेत घसा मिटून श्वास अडणारा स्लीप ॲप्निया, दोन्ही आजार एकाच माणसात. याला 1985 मध्ये डेव्हिड फ्लेन्ली यांनी ओव्हरलॅप सिंड्रोम म्हटलं.

घसा बंद असताना नळीतून कितीही ऑक्सिजन सोडला तरी कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते. उलट रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की मेंदू उशिरा जागा होतो आणि प्रत्येक अडथळा लांबतो. मुलानं मायेनं नॉब वाढवला आणि नेमकं हेच झालं.

घसा उघडा ठेवायला मास्कमधून दाबानं हवा द्यायची. कार्बन डायऑक्साइड इतका चढलेला, म्हणून एकच दाब देणाऱ्या साध्या सीपॅपऐवजी श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं बायपॅप घेतलं. आपोआप दाब ठरवणारं मशीन अशा फुफ्फुसात नको, रात्रभर कोणीतरी बघूनच दाब बसवायला हवा. सुरुवात वरचा दाब 8 आणि खालचा 4 सेंमी पाणी (दाबाचं माप) इथून. खालचा दाब एकेकानं वाढवत घोरणं व अडथळे थांबेपर्यंत नेला, तो 8 वर स्थिरावला. वरचा 17, म्हणजे फरक 9. श्वास आत घेण्याची वेळ मुद्दाम आखूड ठेवली, कारण सीओपीडीत हवा बाहेर पडायला उशीर लागतो. ऑक्सिजन मशीनच्या तोंडाशी जोडणी लावून फक्त 1 लिटर. लक्ष्य 88 ते 92 टक्के, त्याहून वर नको.

मध्यरात्रीनंतर आकडा घसरला. दाब बरोबर, पण गळती वाढलेली. झोपताना मावशींनी कवळी काढली होती, त्यामुळे गाल आत गेले आणि नाकाच्या मास्कची हवा तोंडातून सुटायला लागली. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेतला. कवळी काढून, आडवं झोपवून, मशीन चालू ठेवूनच मापला. चमकी उतरवली, चेहऱ्यावरचं तेल पुसलं, पट्टा बसेना म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. अशा वेळी पट्टा आवळायचा मोह होतो. आवळला की मास्कची गादी दबते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. पट्टा ढिला करून गादीत हवा भरू दिली, तेव्हा मास्क बसला.

घरी पाठवताना मुलाला हातानं करायला लावलं: आधी मशीन चालू, मग ऑक्सिजन, सकाळी आधी ऑक्सिजन बंद, मग मशीन. क्रम चुकला तर बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साचून आगीचा धोका राहतो. मास्कवरच्या बारीक भोकांतून उच्छ्वास बाहेर जातो, त्यांवर चादर येऊ द्यायची नाही. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरला डिस्टिल्ड पाणी. थंडीत नळीत पाणी जमतं, म्हणून मशीन उशीपेक्षा खाली ठेवायचं. लाईट जाऊन मशीन बंद पडलं तर या मास्कची झडप उघडते आणि खोलीतली हवा मिळते, तरी मावशींना उठवून मास्क काढायचाच. बायपॅप इन्व्हर्टरवर चालेल. कॉन्सन्ट्रेटर 300 वॅटच्या आसपास ओढतो, तो त्याच इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरी लवकर बसेल.

इनहेलर स्पेसरमधून (औषध ओढायच्या पोकळ नळकांड्यातून) रोज चालूच. फेरतपासणीला कार्बन डायऑक्साइड 52, पीएच 7.38. मशीनच्या कार्डावर रोजचा सहा तास वापर दिसत होता आणि डोकेदुखी गेली होती. मुलाला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: मीटर 88 दाखवत असेल तर नॉबला हात लावू नका. त्याखाली गेला तर आधी मास्कची गळती बघा, मग नळी. मावशी जाग्या होत नसतील किंवा बरळत असतील तर ऑक्सिजन न वाढवता थेट दवाखान्यात आणा, आणि मशीनही सोबत आणा.