तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ताई, माझं होईल का?’

पुण्यात नव्या पेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. 42 खुर्च्या, प्रत्येकीला प्लायचा आडोसा, एक दिवा, एक प्लग. पहाटे सहाला उघडते, रात्री अकराला बंद होते. बसणारी बहुतेक मुलं राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची, म्हणजे राज्यसेवेची किंवा कंबाइनची (संयुक्त परीक्षेची), चार-पाच केंद्राच्या यूपीएससीची. भेटायला येणारे पालक, जुन्या मुलांचे मित्र, माझ्या नात्यातली माणसंसुद्धा एक प्रश्न हमखास विचारतात: “पोरं तुम्हाला ‘माझं होईल का’ असं विचारतात, तेव्हा तुम्ही खरं सांगता की धीर देता? खरं सांगितलं तर ती मोडत नाहीत का?”

मी दोन्ही केलं आहे आणि दोन्हीकडे चुकले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी धीर देण्याबद्दल, कारण त्याचं ओझं माझ्यावर जास्त आहे. माण तालुक्यातली एक मुलगी बीएस्सी करून आली होती. सकाळी पहिली यायची, रात्री शेवटची जायची. पहिल्या वर्षी पूर्व, म्हणजे मुख्य परीक्षेआधीची चाळणी, निघाली नाही, दुसऱ्या वर्षी दोन मार्कांनी गेली. निकाल लागला की ती माझ्या टेबलाशी येऊन नुसती उभी राहायची. मी म्हणायचे, “अगं, थोडक्यात हुकलं. पुढच्या वेळी नक्की.” हे ‘थोडक्यात’ खोटं होतं. या परीक्षेत दोन मार्कांच्या पट्ट्यात किती गर्दी असते ते मला पक्कं ठाऊक होतं, मी स्वतः सहा वर्षं त्या गर्दीत होते. तिचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता, म्हणून मी तसं बोलत होते. चौथ्या वर्षी तिचं तिनेच ठरवलं आणि ती निघाली. डिपॉझिटचे पैसे मोजून घेताना तिने विचारलं, “ताई, तुम्हाला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं ना?”

मी हो म्हणाले.

“मग बोलला का नाहीत? एवढ्यात माझं बीएड झालं असतं.”

ती रागाने नाही बोलली. हिशेब सांगावा तसं बोलली. बीएडला दोन वर्षं लागतात. माझ्या गोड बोलण्याची किंमत तिने दोन वर्षांत मोजून दाखवली होती आणि ती दोन वर्षं माझी नव्हती.

त्यानंतर मी ठरवलं की आता स्पष्ट बोलायचं. पुढच्याच निकालाच्या संध्याकाळी परभणीकडचा एक मुलगा जिन्यात भेटला. चौथा प्रयत्न होता. शेजारी आणखी चार-पाच जण मोबाईलवर कटऑफ बघत उभे होते. त्याने विचारलं, “ताई, आता काय करू?” मी म्हणाले, “तुझं होणार नाही रे. गावी जा, बापाचे पैसे वाचव.” बोलले आणि वर निघून गेले. आपण कर्तव्य केलं असं मला तेव्हा वाटलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. आडोशावर त्याने ‘भावी उपजिल्हाधिकारी’ असं स्केचपेनने लिहून चिकटवलेला कागद तसाच होता. मी तो नखाने खरवडून काढला. पुढे त्याच्या रूम पार्टनरकडून कळलं की तो गावी गेलाच नाही. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या अभ्यासिकेत बसत होता आणि आणखी दीड वर्ष बसला. मला दाखवून द्यायचं होतं त्याला. म्हणजे माझ्या रोखठोक बोलण्याने त्याचं एक वर्षही वाचलं नाही, उलट जास्तीची गेली.

आपल्याकडे फटकळ माणसाचं एक कौतुक असतं. तोंडाने तिखट पण मनाने निर्मळ, असं आपण म्हणतो आणि पुढच्या माणसाच्या मनाचं काय झालं ते विचारायचं राहून जातं. मी त्या जिन्यातल्या वाक्यावर खूप विचार केला. ‘तुझं होणार नाही’ हे भविष्य झालं आणि भविष्य मला दिसत नाही. ‘बापाचे पैसे’ हा त्याच्या घरातला विषय, तिथे मी कोण? त्या वाक्यात मला खरोखर ठाऊक असलेली एकही गोष्ट नव्हती. जी ठाऊक होती ती मी बोललेच नाही.

मला काय ठाऊक होतं? त्याचे पेपर. पूर्वपरीक्षेनंतर उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी मुलांकडे राहते आणि आयोगाची उत्तरतालिका आली की मार्क ताडून बघता येतात. सामान्य अध्ययनाच्या पेपरात 100 प्रश्न, 200 मार्क. बरोबर उत्तराला 2, चुकीला पाव भाग वजा, म्हणजे अर्धा मार्क. हा मुलगा दरवेळी 96-97 प्रश्न सोडवायचा, एकही सोडायला तयार नसायचा. समजा त्यातले 55 बरोबर आणि 41 चूक, तर 110 मधून साडेवीस गेले. तुक्के मारलेले वीस प्रश्न कोरे ठेवले असते, तर एरवी चुकणाऱ्या बऱ्याच उत्तरांचे अर्धे-अर्धे मार्क वाचले असते. हे मला दिसत होतं. हे सांगितलं असतं तर ते खरंही झालं असतं आणि त्याच्या उपयोगाचंही. मी ते सोडून त्याच्या आयुष्याचा निकाल लावला.

आता मी असं करते. कुणी विचारलं की त्याला म्हणते, तुझ्या सगळ्या कार्बन कॉपी घेऊन ये. नसतील तर मार्क तरी कागदावर लिहून आण, वर्षाप्रमाणे, एकाखाली एक. निम्मं काम तो कागद करतो. एका मुलाचे चार वर्षांचे मार्क होते 88, 91, 90, 89. मी काही बोलले नाही. त्यानेच खूप वेळ बघितलं आणि म्हणाला, “ताई, हे वाढतच नाहीये.” त्यावर मी म्हणाले, “नाही वाढत. चार वर्षं तू दहा-दहा तास बसलायस, मी बघितलंय. तेवढा वेळ देऊनही आकडा हलला नाही, तर आणखी तसंच बसून तो हलेल असं मला वाटत नाही. पद्धत बदलायची असेल तर काय बदलणार ते ठरवू. थांबायचं असेल तर त्याचंही बोलू.” यातला प्रत्येक शब्द मी पुन्हा त्याच्यासमोर म्हणू शकते. तो बसायचा ते मी बघितलं होतं, म्हणून तसं म्हणायचा मला अधिकार होता. जी मुलं अभ्यासिकेत नाव लावून दिवसभर चहाच्या टपरीवर असतात, त्यांना मी तेही सांगते, तेवढ्याच स्पष्टपणे, पण एकटं असताना.

हे बोलणं कुणीतरी करायला हवं, कारण परीक्षा स्वतः करत नाही. यूपीएससीला खुल्या प्रवर्गात 32 वर्षं वय आणि सहा प्रयत्न, मग दार बंद होतं. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38, मागासवर्गीयांसाठी 43. पंचविशीतल्या पोराला समोर तेरा वर्षं मोकळी दिसतात. तिकडे घरी म्हणतात, एवढं केलंस तर अजून एक वर्ष कर. क्लासवाले तर थांब म्हणणार नाहीतच. थांबायचं कधी हा निर्णय पूर्ण त्या पोराच्या डोक्यावर येतो, तोही निकालाच्या आठवड्यात, जेव्हा डोकं चालत नसतं. म्हणून निकालाच्या दिवशी मी काहीही सांगत नाही. त्या दिवशी जेवलास का एवढंच विचारते. मेसला सुट्टी असेल तर घरून डबा आणते.

वडिलांचे फोन हा आणखी एक भाग. लातूरकडून एका वडिलांचा फोन आला होता. “ताई, आमचं काय ऐकतंय ते. तुमचं ऐकतंय. तेवढं सांगा की त्याला, आता बस झालं म्हणून. आमचं नाव सांगू नका.” सोयाबीनचे पैसे येतील तेव्हा ते त्याचं खोलीभाडं पाठवत होते. मला त्यांची कळकळ कळत होती, तरी मी नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं माझं म्हणून सांगायचं, म्हणजे सुरुवातच खोट्याने होते आणि ते कधीतरी कळतंच. मी म्हटलं, तुम्ही पुण्याला या, तिघं बसू. ते आले. दोघांमध्ये मी फार बोलले नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, “अजून किती?” मुलाने पहिल्यांदा तारीख सांगितली. इतकी वर्षं त्याला ती कुणी विचारली नव्हती.

आणि जिथे मला कळत नाही, तिथे कळत नाही असंच म्हणायला मी शिकले. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, लेखी 1750 मार्कांची, वर मुलाखत 275 ची. आधीची मुख्य 800 मार्कांची आणि जवळपास सगळी पर्यायी उत्तरांची होती. माझा सगळा अंदाज त्या जुन्या परीक्षेवर बसलेला. एक मुलगी आहे, जुन्या पद्धतीत दरवेळी मुख्यला अडकायची. मी तिला थांब म्हणण्याच्या बेतात होते. तिने सरावासाठी लिहिलेली उत्तरं वाचायला दिली आणि मी वाचतच राहिले, इतकं मुद्देसूद लिहिलेलं. मी तिला म्हणाले, “तुझ्याबद्दल मी जे ठरवलं होतं ते आता धरून चालणार नाही. या परीक्षेत काय होईल ते मला सांगता येत नाही.” मी हे म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला.

माझ्या सासरच्या माणसांना वाटतं हे सगळं मी अनुभवातून शिकले. मला शिकवलं माझ्या मोठ्या वहिनीने, ते मी मधली काही वर्षं विसरले होते. 2009 मध्ये मी सहा वर्षं परीक्षा देऊन घरी आले होते. कुणी काही विचारत नव्हतं, तेच जास्त लागत होतं. एका दुपारी वहिनीने माझ्या पेटीतली सगळी प्रवेशपत्रं काढली आणि ओळीने सतरंजीवर मांडली. प्रत्येकावर फोटो. म्हणाली, “पहिल्या फोटोत तू हसतेयस बघ.” शेवटच्या फोटोत माझ्या गळ्याची हाडं दिसत होती. मग ती म्हणाली, “मला वाटतं तू थांबावंस. माझं चुकत असेल, मला त्या परीक्षेतलं कळत नाही. तू कशी झालीस ते मात्र कळतं.” मी तिच्यावर खूप ओरडले. ती ऐकून घेत बसली, मग चहा टाकला. त्यानंतर महिनाभर ती बँकेत, दळणाला, लग्नाच्या आमंत्रणांना, जिथे जाईल तिथे मला बरोबर नेत होती. त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलली नाही.

तो महिना मला आठवतो तेव्हा वाटतं की तिचं ते एक वाक्य मी त्या महिन्यामुळे ऐकलं. म्हणून मी कुणाला थांब म्हटलं तर त्याची खुर्ची महिनाभर दुसऱ्याला देत नाही. त्याने रागावून यावं, भांडावं, नुसतं येऊन वर्तमानपत्र वाचत बसावं. काही जण भांडतात. एकाने आठ दिवस माझ्याकडे बघितलंही नाही, मग बायोडाटा तपासून द्या म्हणून आला.

परभणीकडचा तो मुलगा मला गेल्या पावसाळ्यात शास्त्री रोडवर भेटला. आता एका बँकेत वसुलीचं काम बघतो. टपरीवर उभं राहून आम्ही चहा घेतला. मी म्हणाले, “त्या दिवशी मी तुला चारचौघांत तसं बोलायला नको होतं. मला माफ कर.” तो थोडा वेळ कपात बघत राहिला.

“बोललात ते फार चुकीचं नव्हतं, ताई,” तो म्हणाला. “पण जिन्यात का बोललात?”

मला उत्तर देता आलं नाही. झेरॉक्स मशीनच्या मागे एक छोटी खोली आहे, तिथे मी हिशेबाच्या वह्या ठेवते. दुसऱ्या दिवशी वह्या माळ्यावर टाकल्या आणि तिथे दोन खुर्च्या मांडल्या.