साठ मिनिटांतला तांब्या : सहावा प्रयत्न

रविवारी सकाळी खिडकीजवळ तांब्याचा तांब्या आणि दोन कैऱ्या मांडून मी क्रिटा या चित्रे काढण्याच्या संगणक-प्रोग्राममध्ये २००० × १५०० पिक्सेलचा कॅनव्हास उघडला आणि ६० मिनिटांचा गजर लावला. नियम मागच्या वेळचेच होते : फोटो काढायचा नाही, लेअर (चित्राचे एकावर एक थर) तीनच वापरायचे आणि गजर वाजताच स्टायलस (डिजिटल पेन) खाली ठेवायचा.

रेखाटनाला ९ मिनिटे आणि छायाप्रकाशाचे मोठे भाग भरायला १२ मिनिटे लागली. इथवर सारे ठीक होते. नंतर तांब्याच्या तोंडाच्या लंबगोलात मी अडकलो. क्रिटाच्या रेकॉर्डरने टिपलेले चित्रण नंतर पाहिले, तेव्हा लक्षात आले की दोनशे टक्के झूम करून मी तीच कड १४ मिनिटे काढत, पुसत आणि पुन्हा काढत बसलो होतो. पूर्ण चित्रात ती कड जेमतेम नखाएवढी दिसते. जलरंगात कागद वाळू लागला की निर्णय आपोआप होतो, इथे मात्र रंग कधीच वाळत नाही, आणि अन्डू, म्हणजे फटकारा मागे घेण्याची सोय, हाताशी असल्यामुळे कोणताही फटकारा अंतिम मानण्याची सक्ती उरत नाही.

उरलेल्या २५ मिनिटांत मोठी चूक झाली ती तांब्याच्या पोटावर. घाईत मी तिथे पांढराशुभ्र चकाकता ठिपका दिला आणि भांडे चिनीमातीचे दिसू लागले. धातूवरची चकाकी धातूचाच रंग घेऊन येते, त्यामुळे ती फिकट नारिंगी हवी होती. शिवाय तांबे हिरवा प्रकाश कमी परावर्तित करत असल्याने कैरीचे प्रतिबिंब मळकट तपकिरी दिसायला हवे होते, आणि मी ते सरळ हिरवे रंगवले. समोर दिसत असूनही हात ठाऊक असलेलाच रंग उचलतो, हे मला दर वेळी नव्याने कळते! कैऱ्या मात्र शेवटच्या ४ मिनिटांत, रुंद ब्रशने, एकदाही मागे न फिरता झाल्या आणि साऱ्या चित्रात त्याच सर्वांत जिवंत आहेत. मागचा पडदा कोराच राहिला.

पुढच्या वेळी पहिली ४० मिनिटे झूम बंद ठेवणार आहे आणि सेटिंग्जमध्ये जाऊन अन्डूचा कंट्रोल-झेड हा शॉर्टकटच काढून टाकणार आहे. मांडणी तीच ठेवायची होती, पण कैऱ्यांचे लोणचे झाल्यामुळे आता लिंबे आणावी लागतील.