बिडाच्या तव्यावरचा पिझ्झा

मे महिन्यातला शनिवार. दुपारी साडेचारला लाईट गेली तेव्हा माझ्या ओव्हनमध्ये पिझ्झ्याचे तीन बेस अर्धकच्चे होते आणि सात वाजता ऑर्डर पोचवायची होती.

जुळे सोलापुरात घराच्या मागच्या खोलीत माझं किचन आहे. केक, नानकटाई, आणि अलीकडे शुगर असलेल्यांसाठी काही पदार्थ करते. ही ऑर्डर पुण्यात राहणाऱ्या एका मुलीची होती. वडिलांचा वाढदिवस, नातवंडं सुट्टीला आलेली. ती फोनवर म्हणाली, "ताई, शुगर निघाल्यापासून घरात पिझ्झा आला की पप्पा आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. या वेळी त्यांना पोरांच्या पंगतीत बसवायचंय." एवढ्यावरच मी हो म्हटलं. फक्त आधी विचारून घेतलं, इन्सुलिन चालू आहे का. गोळ्या आहेत म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा. काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या ताटातली कर्बोदकं एकदम कमी झाली तर साखर नको तितकी खाली येऊ शकते. हे विचारल्याशिवाय मी अशी ऑर्डर घेत नाही.

पिझ्झ्याच्या एका बेसला मैदा दीडशे ग्रॅम धरला, तर त्यात शंभराच्या वर ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीतही फार कमी नसतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर माझा कितीही जीव असला तरी या कामाला ती चालत नाही. बेसनात थोडी कमी, पण तीही निम्म्याहून जास्तच. म्हणून फ्लॉवर. अर्धा किलो किसलेला फ्लॉवर, ६० ग्रॅम बदामाचं पीठ, मूठभर मोझरेला आणि चमचाभर इसबगोल. घर शाकाहारी, त्यामुळे अंडं नाही. सगळ्यातल्या कर्बोदकांची बेरीज, न पचणारा चोथा (फायबर) वजा करून, वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास जाते.

माझ्या पिझ्झ्यावरचं साहित्य भूमध्य समुद्राकाठचं असतं, म्हणून एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण लोक तिकडच्या जेवणाची आणि कमी कर्बोदकांच्या जेवणाची गल्लत करतात. भूमध्य समुद्राकाठचं जेवण म्हणजे कमी कर्बोदकांचं जेवण नव्हे. ग्रीस-इटलीची माणसं पाव खातात, छोले-मसूर खातात, पास्ताही खातात. मी तिकडून घेते ते वरचं साहित्य: ऑलिव्ह आणि त्याचं तेल, उन्हात वाळवलेले टोमॅटो, भाजलेली ढोबळी मिरची, ओरेगॅनो, बेसिल. बेसिल माझ्या कुंडीतलं. आपला सब्जा त्याच जातीचा. फेटा चीज मात्र मी वापरत नाही. युरोपात २००२ पासून ते नाव फक्त ग्रीसमध्ये मेंढीच्या, फार तर थोडं शेळीचं मिसळलेल्या दुधाच्या चीजला आहे. मी पनीर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते आणि गिऱ्हाइकाला 'खारं पनीर' असंच सांगते.

टोमॅटो वाळवायला मात्र सोलापूरच्या मेसारखी जागा नाही. पारा ४२-४३ वर. गच्चीवर शेजारणींच्या कुरडया आणि सांडगे, त्यांच्या शेजारी माझे टोमॅटो: अर्धे कापलेले, मीठ भुरभुरलेले, वर मलमलचं फडकं. तिसऱ्या दिवशी ते चामड्यासारखे झाले होते आणि चव इतकी दाटली होती की सॉसची गरजच उरली नाही. सॉस नाही म्हणजे बेसवर ओल नाही.

कारण सगळी लढाई ओलीशीच असते. फ्लॉवरमध्ये शंभरात नव्वदच्या वर पाणी. त्यातून मे महिन्यातला फ्लॉवर. लक्ष्मी मंडईत सकाळी तीन गाळे फिरले तेव्हा कुठे जरा घट्ट गड्डे मिळाले. किसून, वाफवून, गार करून सुती पंचात बांधला आणि पिळला. हात दुखेपर्यंत पिळला. पातेल्यात पाणी साचलं, फडक्यातला गोळा निम्म्याहून लहान झाला. पहिल्यांदा हा बेस शिकले तेव्हा मी पिळण्याचा कंटाळा केला होता आणि पाणी शोषायला तीन चमचे इसबगोल घातलं होतं. भाजून आला तो रबराचा तुकडा. इसबगोल पाणी धरून ठेवतं, घालवत नाही.

तर, लाईट गेली. ओव्हनचं दार उघडून एक बेस बोटानं दाबला. कडा तांबूस, मधे मऊ, खालून ओला. विचारपूस केली तर दोन-तीन तास लागतील असं कळलं. मी त्या मुलीला फोन लावायला मोबाईल हातात घेतला होता. खरंच. तेवढ्यात अक्का आल्या.

अक्का गल्लीच्या टोकाला राहतात आणि कडक भाकरी करून विकतात. त्यांची पाकिटं माझ्याकडेही ठेवलेली असतात, शनिवारी त्या हिशोबाला येतात. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय करायलीस गं अंधारात?" मी सांगितलं. त्यांनी बेस उचलला, बोटांनी चाचपला.

"शिजलाय की हे. नुसतं वाळायचं राहिलंय. तवा चढव."

"अक्का, तव्यावर चिकटेल."

"बिडाचा हाय ना? चढव."

गॅसच्या दोन बर्नरवर बिडाचे तवे चढवले, चांगले तापू दिले, मग आच अगदी बारीक. तेल नाही. बेस टाकला तशी बारीक चुर्र सुरू झाली. मी उलथनं घेऊन पुढे झाले तर त्यांनी हात धरला. "आवाज हाय तवर पाणी हाय. थांब." कोरड्या फडक्याची घडी घेऊन त्या कडेकडेनं दाबत राहिल्या, भाकरी कडक करताना दाबतात तशा, एका जागी रेंगाळायचं नाही, गोल फिरत राहायचं. खोलीत पंखा नाही, घाम डोळ्यांत उतरतोय, आणि आम्ही दोघी एका फ्लॉवरच्या चकतीला कान देऊन उभ्या. सात-आठ मिनिटांनी चुर्र विरत गेली. मग त्यांनी उलटला. खालची बाजू बदामी, ठिपक्याठिपक्यांची, कोरडी. बोटानं वाजवली तर टकटक वाजली.

माझ्या ओव्हनमध्ये असा बेस मला कधीच जमला नव्हता. त्याचं कारण तिथेच उभ्याउभ्या लक्षात आलं. ट्रेवर खालची वाफ बेसखालीच कोंडते, वरून वाळतो आणि खालून शिजतच राहतो. तव्याची आच थेट खालून लागते, आणि वाफेला वर सगळं मोकळं.

उरलं चीज. झाकण ठेवलं तर वाफ धरणार आणि केलेलं सगळं पाण्यात. तिसऱ्या बर्नरवर लोखंडी कढई लाल होईस्तो तापवली, पकडीनं बेसवर पालथी धरली, कडेला चमचा अडकवून फट ठेवली. आमची आजी पितळी डब्यात नानकटाई भाजायची तेव्हा झाकणावर निखारे ठेवायची, तेच. दीड मिनिटात मोझरेला पाघळला. ऑलिव्ह दुपारीच पाण्यात भिजवून खारटपणा कमी केला होता आणि पुसून घेतले होते. ते, टोमॅटो, मिरची, वर कुस्करलेलं खारं पनीर. ऑलिव्हचं तेल शेवटी, कच्चंच.

खोक्यात भरले नाहीत. बंद खोक्यात दहा मिनिटांत वाफ धरते. स्टीलच्या जाळ्यांवर ठेवून, वर फडकं टाकून, भाचा स्कूटर चालवतोय आणि मी मागे मांडीवर परात घेऊन, अशी मी विजापूर रोडवरच्या त्यांच्या घरी सात वाजून दहा मिनिटांनी पोचले. कापले तिथेच. काका पोरांच्या मधे सतरंजीवर बसले. तुकडा त्यांनी टोकाकडून धरला, तो वाकला नाही. चावल्यावर ते थांबले आणि मुलीकडे बघून म्हणाले, "ही तर आपल्या कडक भाकरीसारखी वाजती गं." नातीनं स्वतःचा मैद्याचा तुकडा ठेवून त्यांच्या ताटातला उचलला, तर तिला रागावले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

परत आले तेव्हा अक्का माझ्या ओट्यापाशीच होत्या. तुटलेल्या कडेचा एक तुकडा मी त्यांच्यासाठी ठेवला होता. खाल्ला, मान हलवली. मग विचारलं, "केवढ्याला पडतो एक?" साहित्याचेच अडीचशे, मी सांगितलं. त्या गप्प झाल्या. अक्कांना स्वतःला बारा वर्षांपासून शुगर आहे. त्यांनी तसं काही म्हटलं नाही, म्हणून मलाही पुढे बोलवेना. रात्रभर ते डोक्यात राहिलं.

बदाम महाग, म्हणून आता मी शेंगदाण्याच्या कुटावर करून बघतेय. शेंगदाण्यात कर्बोदकं बदामासारखीच कमी, आणि सोलापुरात शेंगा कुठे शोधायला जायचं? ऑलिव्ह आणि ढोबळी मिरची काढून भाजलेलं वांगं घातलं. तेही त्या समुद्राकाठचंच खाणं. पहिला बेस उलटताना मधोमध तुटला. कूट मिक्सरमध्ये जास्त फिरवलं होतं, त्याला तेल सुटलं होतं. अक्कांनी ते दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "ही चटणीची कूट झाली. ह्याला तेल सुटायच्या आत थांबायचं. थांब, उद्या माझ्या उखळात कुटून आणते."