आमची वाटचाल : दुकान किती दिवसांत परत उघडेल?

२००४ साली सांगलीत विश्रामबागला भाड्याच्या एका खोलीत आम्ही नवरा-बायकोनं ऑफिस थाटलं. मी आर्किटेक्ट, ती सिव्हिल इंजिनिअर. दोन टेबलं आणि एक कॉम्प्युटर. पहिली पाच-सहा वर्षं बंगले, रो-हाऊस आणि वाढीव खोल्यांचे नकाशे करण्यात गेली. पोट भरलं, चार माणसं ओळखायला लागली.

२०१० मध्ये हळदीचे एक व्यापारी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नदीकडच्या बाजूला त्यांचा साडेचार गुंठ्यांचा प्लॉट होता. खाली सहा दुकानं, वर दोन मजले छोटी ऑफिसं, असं त्यांच्या मनात होतं. आमचं हे पहिलं व्यापारी काम. त्यात आम्ही जे चुकलो, त्यावरच पुढची सगळी कामं उभी राहिली.

पहिला वाद जोत्याचा, म्हणजे जमिनीपासून दुकानाची फरशी किती उंच घ्यायची याचा. २००५ चा पूर डोळ्यांसमोर होता. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, त्या पुरात कशी खराब झाली, हे काकांनी स्वतः पाहिलं होतं. तीन फूट जोतं घेऊ, असं आम्ही म्हणालो. काका ऐकेनात. ‘‘सायब, सहा पायऱ्या चढून कुठली म्हातारी येणार माझ्याकडं? ती शेजारच्या दुकानात जाईल.’’ त्यांचं खोटं नव्हतं. किराणा दुकानाला प्रत्येक पायरी महागात पडते. शेवटी दीड फूट आणि तीन पायऱ्यांवर तडजोड झाली.

दुसरा प्रश्न जिन्याचा. रस्त्याकडेचा कोपरा म्हणजे सगळ्यात जास्त भाड्याची जागा. तिथं जिना दिला की एक दुकान गेलं. म्हणून जिना मागं, पार्किंगच्या कडेला नेला. दुकानं दिवाळीच्या आत भरली. वरची ऑफिसं मात्र तीन वर्षं रिकामी राहिली. एक सीए जागा बघायला आले, गाड्यांच्या फटीतून वाट काढत अंधाऱ्या बोळात पोचले आणि तिथूनच परत गेले. शिकवणीवाल्या मॅडम म्हणाल्या, या जिन्यानं मुलींना संध्याकाळी कोण पाठवेल? मालकांच्या आग्रहानं जिना तिथं गेला हे खरं, पण नकाशावर सही आमची होती.

मग ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकांच्या इमारतीत दुकानांमध्ये सहा फूट पाणी होतं आणि ते आठवडाभर हललं नाही. ओसरल्यावर आम्ही दोघं गमबूट घालून आत गेलो. प्लायवूडची कपाटं फुगून फुटली होती. मीटरची पेटी जिन्याखाली होती, ती गाळानं भरलेली. जमिनीतल्या टाकीच्या झाकणातून गटाराचं पाणी आत शिरलं होतं. सहापैकी पाच दुकानं उघडायला दीड महिना लागला.

सहावं दुकान धान्याचं. त्यांचे रॅक कडाप्पा दगडाचे होते आणि भिंतींना पाच फुटांपर्यंत टाइल. मालकांनी पाइपनं दुकान धुतलं, वीज नसताना बॅटरीच्या दिव्यावर अकराव्या दिवशी शटर वर केलं. त्या दुकानात उभं असताना माझ्या लक्षात आलं, की आमचा जोत्याचा वाद अर्धवट होता. दीडऐवजी तीन फूट जोतं घेतलं असतं तरी सहा फूट पाण्यातलं साडेचार फूट आत आलंच असतं. कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयना धरणातून सोडलेलं पाणी वाढलं, पुलाजवळची पातळी चढायला लागली, की माणसाच्या हातात साधारण एखादा दिवस असतो. मग इथलं दुकान एका रात्रीत रिकामं करता आलं पाहिजे आणि पाणी उतरल्यावर लवकरात लवकर उघडता आलं पाहिजे. हे दोन प्रश्न आम्ही त्याआधी कधी विचारलेच नव्हते.

दुसरी इमारत काकांच्या पुतण्याची. २०२१ च्या पुरानंतर तिचा नकाशा पक्का झाला, २०२३ मध्ये ती पुरी झाली. या वेळी पहिल्यांदा जिना काढला, रस्त्याच्या कोपऱ्यावर, रुंद आणि उजेडाचा. मगच दुकानं बसवली. जोतं तीन फूट घेतलं, पण सगळ्या दुकानांपुढून सहा फूट रुंदीचा सलग ओटा नेला. बाजूच्या मोकळ्या जागेतून १:१२ उताराचा रॅम्प घेतला, म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट लांब. व्हीलचेअर वर जाते, म्हाताऱ्या माणसांनाही पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. पुतण्यानं एकच विचारलं, ‘‘हातगाडी वर जाती का?’’ जाते म्हटल्यावर विषय मिटला.

दुकानांची उंची वाढवून घेतली आणि २०१९ च्या खुणेच्या दोन फूट वर काँक्रीटचा पोटमाळा टाकला. त्याला शिडी न देता पक्का जिना दिला. मीटर पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर नेले; त्या परवानगीसाठी चार हेलपाटे घातले. वायरिंग छतातून खाली आणलं, तळमजल्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, वेगळा ठेवला. टाकीचं तोंड जोत्याच्याही वर उचललं. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आतला, म्हणून रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाकडची, नोंदणी लागत नव्हती. तरी प्रत्येक करारात कार्पेट एरियाच, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागाच, लिहायला लावला.

आणि एक गोष्ट माझ्या बायकोनं रेटून करून घेतली. वरच्या दोन्ही मजल्यांवर बायकांचं वेगळं स्वच्छतागृह, खिडकीसह. आपल्याकडच्या छोट्या कॉम्प्लेक्समध्ये एकच संडास असतो आणि त्याची किल्ली कुठल्या तरी दुकानदाराकडे. तिथं दिवसभर काम करणाऱ्या मुली पाणी प्यायचं टाळतात. भाड्याची चाळीस चौरस फूट जागा गेली म्हणून पुतण्या कुरकुरला. वरची ऑफिसं चार महिन्यांत भरली, त्यातल्या दोन भाडेकरूंनी हेच कारण सांगितलं.

या इमारतीला मोठा पूर अजून लागलेला नाही. मागच्या पावसाळ्यात पाणी वाढायला लागलं तेव्हा तिथल्या धान्यवाल्यांनी सावधगिरी म्हणून सगळा माल पोटमाळ्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. दोन हमाल लावून साडेपाच तासांत दुकान रिकामं झालं होतं. पण पोटमाळ्याच्या जिन्याचं वळण अरुंद आहे, पाठीवर पोतं घेऊन वळताना हमालाचा खांदा भिंतीला घासतो, असं ते म्हणाले. मी जाऊन पाहिलं. अडीच फुटांचा जिना आणि मध्येच वळण. प्लास्टर खांद्याच्या उंचीवर खरवडलेलं होतं.

सध्या मिरजेतलं एक काम टेबलावर आहे, पाच दुकानं आणि सात ऑफिसं. त्यात पोटमाळ्याचा जिना सरळ काढला आहे, साडेतीन फूट रुंद.