टोकन द्यायच्या आधी एकदा इंजिनियरला घेऊन जा

मागच्या एप्रिलमध्ये डोंबिवलीत एक रिसेलचा फ्लॅट बघितला. तिसरा मजला, बिल्डिंग तीस वर्षं ओलांडलेली पण स्टेशन चालत दहा मिनिटांवर, आणि आईला तर ओटा बघूनच घर पसंत पडलं. एजंट म्हणाला आजच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे. बाबा तेवढं एकच म्हणाले, सगळ्या घराला जुना रंग आणि बेडरूमच्या या एकाच भिंतीला नवा, असं का रे?

त्या एका प्रश्नामुळे आम्ही थांबलो आणि ओळखीतल्या स्ट्रक्चरल इंजिनियरना घेऊन परत गेलो. त्या भिंतीच्या मागे बाथरूम होतं, ओल मोजायचा मीटर लावला तर खालपासून कमरेपर्यंत ओल. बाथरूमच्या फरशीवर नाणं वाजवत गेले, जिथे बद्द आवाज आला तिथे खाली पोकळी. पण हे सगळं खर्च करून नीट होतं म्हणाले, आणि आम्हाला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. खरं बघायचं ते तिथेच होतं, दोन कॉलमना उभ्या भेगा. प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगांना घाबरू नका, पण सळईच्या रेषेत उभी भेग असेल तर आत सळई गंजून फुगलीय आणि ती बाहेरचं काँक्रीट ढकलतेय, हे त्यांनी हात लावून दाखवलं.

मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं. इथे एकदाही झालेलं नव्हतं! म्हणजे उद्या मोठी दुरुस्ती निघाली की वर्गणी आमच्याच डोक्यावर. नवीन फ्लॅटला निदान रेराचा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचा, आधार असतो, ताब्यानंतर ५ वर्षांत स्ट्रक्चरचा दोष निघाला आणि बिल्डरला कळवला की ३० दिवसांत त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचा, पण इतक्या जुन्या घराला कोण विचारतंय.

घर सोडलं. आई दोन दिवस गप्प होती, मलाही वाईट वाटलं, पण आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं लोन तिथे घालवायला मन धजलं नाही.

आता कल्याणला एक बघितलंय. यावेळी मुद्दाम पाऊस सुरू असताना गेलो, वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना गळतीचं विचारून आलो. शनिवारी इंजिनियर येणार आहेत, आणि तिथले सेक्रेटरी आपणहून म्हणाले, ऑडिट रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवतो.