चार पाट, एक सुपारी

भाऊबीजेला इंदूरच्या रामबागेतल्या त्या घरात चार पाट मांडले जातात. ताईला सख्खा भाऊ एकच, तो माझा बाकावरचा जोडीदार. उरलेले तीन पाट आम्हा तिघांचे. सहावीत सरांनी चौघांना एका बाकावर बसवलं आणि 1993 साली दहावी होईपर्यंत आम्ही तो बाक सोडला नाही. चौघांतला एक सराफ्याजवळच्या मालवी बोलणाऱ्या घरातला. मधल्या सुट्टीतल्या आमच्या बोलण्यातून तो मराठी शिकला, तीही अस्सल इंदुरी. "काकू, भूक लागून राहिलीये," असं दारातूनच ओरडायचा.

काकूंनी मला कधी "जेवतोस का?" असं विचारलं नाही. ताट वाढलं की हाक यायची. विचारून वाढतात ते पाहुण्याला.

आम्ही नववीत असताना दिवाळीच्या तोंडावर बाबांची गिरणी बंद पडली. बाबा तिथे वायरमन होते. पगार थकलेला, आणि पाटणीपुऱ्याच्या आमच्या चाळीत त्या वर्षी कितीतरी दारांत पणतीसुद्धा नव्हती. भाऊबीजेला ओवाळणीत टाकायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ताप आलाय असा निरोप धाडून मी घरीच पडून राहिलो.

दुपारी बारा-साडेबाराला ताई सायकलवरून आली. पुढच्या टोपलीत ताटानं झाकलेलं तबक, मागे हे तिघे. आईला म्हणाली, "मावशी, पाट आहे ना?" घरात पाट एकच होता. तिनं तो भिंतीशी मांडला आणि मला म्हणाली, "आधी तू."

तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी फिरवून निरांजन ओवाळलं. माझे हात मांडीवर तसेच. तिनं तबकातली सुपारी उचलून माझ्या मुठीत दाबली आणि हळूच म्हणाली, "ही टाक." मी टाकली. मी उठलो, तिचा भाऊ बसला. त्याच्या खिशात पैसे होते, सकाळीच मोजून ठेवलेले. त्यानंही तीच सुपारी उचलून टाकली. मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. कुणी कुणाशी काही बोललं नाही. आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या भाद्रपदात झांकीचं, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतल्या दिव्यांच्या हलत्या देखाव्याचं काम निघालं. इंदूरच्या अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या रात्रभर रस्त्यावर असतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी ही नावं आमच्या पिढीला त्या झांक्यांवरून पाठ. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी काढून झांक्या चालू ठेवल्या. या गोष्टीचा मला आजही फार अभिमान वाटतो. बाबा बिनपगारी दिव्यांच्या माळा जोडायला जात. शाळा सुटली की आम्ही चौघेही तिकडेच. कुणी शिडी धरायचा, कुणी होल्डर पुसायचा, मालवी मित्र वायर सोलण्यात पटाईत झाला. मोटार लावली आणि लाकडी सांगाड्यावरचा हत्ती सोंड हलवू लागला, तेव्हा बाबा कितीतरी महिन्यांनी हसले. त्या रात्री आम्ही जेल रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर एकमेकांना टेकून जागलो. उजाडता उजाडता आमची झांकी आली. चौघेही "बाबा!" म्हणून ओरडलो. त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहून हात हलवला.

बाबा गेले तेव्हा मी नोकरीनिमित्त पुण्यात होतो. रात्रभर प्रवास करून पोचलो तर अंगणात सगळी तयारी झालेली. तिघांचेही डोळे सुजलेले. मालवी मित्रानं बाबांचा चष्मा, घड्याळ आणि वरच्या खिशातला टेस्टर रुमालात बांधून ठेवला होता. माझ्या हातात देताना गाठ सोडवेना, त्याचे हात इतके थरथरत होते. खांदा आम्ही चौघांनीच दिला.

शाळेनं मला गणित शिकवलं, संस्कृत शिकवलं, त्याबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला त्या बाकाविषयी लिहायचं होतं. पाचवीपर्यंत एकटा असलेल्या मुलाला तिथे तीन भाऊ मिळाले आणि त्यांच्यामागून एक ताई.

काकू आता थकल्या आहेत, पण हाक तीच. परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "भाऊबीजेला उगवू नकोस, धनत्रयोदशीलाच ये. चकलीचा सोऱ्या फिरवायला माणूस नाहीये." तिकीट काढलं आहे.