पांढऱ्या कागदावरची चमचम

उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यात नवं गिऱ्हाईक आलं की ब्लास्टिंगच्या पेटीसमोर उभं राहून हमखास विचारतं, "हात आत घालून करताय, लागत न्हाई?" लागत नाही. हवेच्या जोरानं बारीक दाणे मारून पार्ट साफ करायची ही बंद पेटी; जाड रबरी हातमोजे तिलाच बसवलेले आहेत, समोर काच आहे, आणि दार उघडं असलं तर पायानं पॅडल दाबूनही दाणे मारणारी गन सुरू होत नाही. आमच्या पोरानं एकदा तो दाराचा स्विच चिकटपट्टीनं दाबून ठेवला होता. घाई होती म्हणे. त्या दिवशी गाळ्यात माझा आवाज चढला.

पण मला स्वतःला धडा शिकवला तो गनच्या झोतानं नाही, एका बारीक बीडनं, म्हणजे काचेच्या गोल मण्यानं.

चार वर्षांपूर्वी जुन्या बुलेटचं टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं झाकण, काचेचे बीड मारून दिलं. इतकं देखणं निघालं की मीच फोटो काढून ठेवला. त्या जुन्या इंजिनात तेल ह्याच कव्हरच्या आतल्या बारीक वाटांनी येतं, कॉर्कच्या सीलमधून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकात शिरतं आणि तिथून कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बुशापर्यंत पोचतं. त्या वाटा मी बंद केल्या नव्हत्या. नंतर रॉकेलनं धुतलं, हवा मारली, म्हटलं झालं. दोन महिन्यांत गाडी खालून ठोका घेऊन परत आली. बुश काढला तर नखानं ओरबाडल्यासारख्या रेघा. कोपऱ्यात जुन्या तेलाच्या चिकटाला बीड धरून बसले होते, गरम तेल फिरायला लागल्यावर सुटले. बुश, रॉड, मजुरी सगळं माझ्या खिशातनं गेलं.

तेव्हापासून पार्ट पेटीत जायच्या आधीच निम्मं काम होतं. आधी तेलकटपणा पूर्ण काढायचा, नाहीतर खालच्या बीडचे गोळे होतात आणि अख्खी भरती फुकट जाते. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट, बेअरिंगच्या जागांवर जाड टेप, तेलाच्या वाटांना रबरी बुचं. किती बुचं घातली ते खडूनं भिंतीवर लिहायचं. सात घातली तर सात निघाली पाहिजेत. सहा निघाली तर पार्ट गाळ्याबाहेर जात नाही.

ॲल्युमिनियमला हवेचा दाब ४० ते ५० पीएसआय पुरे. नवी पोरं लवकर उरकावं म्हणून रेग्युलेटर फिरवून दाब वाढवतात, मग बीड आपटून फुटतात, त्यांचं पीठ होतं, आत धुकं दाटतं आणि मऊ चमक यायच्या जागी खरखर येते. गन पार्टावर सरळ काटकोनात धरायची नाही. उडालेले बीड मागून येणाऱ्यांनाच अडवतात आणि उरलेले समोरच्या काचेवर येतात. थोडी तिरकी, साधारण १५ सेंटीमीटरवर, आणि हात हलता. गंजलेल्या लोखंडी स्टँडला बीड नाही, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कडक दाणे आणि ८० पीएसआय. अशा वेळी गनच्या ३ मिमीच्या जेटला सुमारे २० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २० घनफूट, हवा लागते, म्हणजे माझा ५ एचपीचा कॉम्प्रेसरही धापा टाकतो. पेट्रोलची टाकी आणि मडगार्ड मी घेतच नाही. पातळ पत्र्यावर जोर लावला की तो पापडासारखा उचलतो, मग गिऱ्हाईक आणि आपण दोघेही तोंड वाकडं करून उभे.

बीड काढून ऑक्साइड घालताना किंवा उलट, असा माल बदलताना पेटी झाडून पुसून घ्यायची आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राचा डबाही रिकामा करायचा. ॲल्युमिनियमची भुकटी आणि गंज एकत्र साठला आणि त्यात ठिणगी पडली तर ती आग पाण्यानं विझणारी नसते. ठिणगीवरून आठवलं, पेटीला अर्थिंग हवंच. बीड घासून घासून स्थिर वीज साठते, हिवाळ्यात तर कोपरापर्यंत झटका येतो.

पावसाळ्याचं वेगळंच. जुलैत आमच्याकडची हवा पिळली तर पाणी निघेल. सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीचा कॉक उघडून पाणी सोडलं नाही तर दुपारी गन उचक्या द्यायला लागते.

"नदीची वाळू चाळून घाला की, स्वस्तात पडंल," हा सल्ला वर्षातून दोनदा तरी मिळतो. वाळूतली सिलिका फुटली की डोळ्याला न दिसणारी धूळ होते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. गुजरातेतल्या खंभातला अकीक (शोभेचा दगड) घासणाऱ्या कारागिरांना फुप्फुसाचा जो सिलिकोसिस होतो तो हाच. त्याला औषध नाही. कोणी म्हणतं, काच तरी कशाची, वाळूचीच ना? खरं आहे, पण वितळून काच झाली की सिलिकाची ती घातक स्फटिकी घडण उरत नाही. म्हणून बीडची धूळ हुंगायची असंही नाही, जुन्या रंगातलं शिसं त्याच धुळीत असतं. काम संपलं तरी एक्झॉस्ट मिनिटभर चालू ठेवायचा, मगच दार उघडायचं. फिल्टर झटकताना रुमाल नाही, नीट बसणारा मास्क. आणि अंगावरची धूळ हवेच्या नळीनं उडवायची नाही. ही सवय मला स्वतःला सोडायला वर्ष लागलं.

आज सकाळी पुन्हा एक टायमिंग कव्हर होतं. सातही बुचं निघाली. दोनदा गरम साबणाच्या पाण्यात धुतलं, प्रत्येक वाटेतून ब्रश फिरवला, हवा मारली. मग दारातल्या उन्हात पांढरा कागद पसरून पोरानं कव्हर त्यावर हळूच आपटलं.

"काय न्हाई दादा, साफ हाय."

कागद जरा कलता कर म्हटलं. कडेला दोन ठिपके चमकले. पोरानं काही न बोलता कव्हर उचललं आणि पुन्हा बादलीत घातलं.